रस्त्यावरच्या दिव्याचा रंग कोणी ठरवायचा?



जे दिवे सध्या देशभर खांबांवरून उतरवले जात आहेत, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे. पाऱ्याच्या वाफेचा निळसर-हिरवट दिवा, सोडियमचा सोनेरी पिवळा दिवा आणि क्रीडांगणांवरचा लखलखीत पांढरा मेटल हॅलाइड. अभियांत्रिकीची पुस्तकं या तिघांना मिळून ‘उच्च तीव्रतेचे विसर्जन दिवे’ म्हणतात. खांबावर चढणारा वायरमन त्यांना मर्क्युरी, सोडियम आणि हॅलाइड याच नावांनी ओळखतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरातल्या शहरांची रात्र मुख्यतः यांनीच उजळली. आता त्यांची जागा एलईडी घेत आहेत आणि ते योग्यच आहे. या दिव्यांचं गुणगान करून त्यांना निरोप द्यावा, एवढ्यासाठी मी हा विषय घेतलेला नाही. मला मांडायचं आहे ते असं : या दिव्यांच्या काळात रस्त्याचा रंग नळीतल्या धातूने ठरवला, माणसाला त्यात फारसा वाव नव्हता. एलईडीने तो वाव पहिल्यांदा दिला. आणि नेमकं तेव्हाच आपण रंगाचा निर्णय घेण्याचं सोडून दिलं, वॅटमागे किती ल्युमेन, म्हणजे किती उजेड, या एका आकड्यावर तो सोपवला. ही चूक किती मोठी आहे हे कळायला आधी हे जुने दिवे नीट समजून घ्यावे लागतात.

साध्या बल्बमध्ये तार तापते आणि तापली म्हणून उजळते. तिच्या प्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग सलग असतात, पण वीज बहुतांशी उष्णतेत जाते. वॅटमागे बारा-पंधरा ल्युमेन हाती लागतात. विसर्जन दिव्यात तारच नसते. एका बंद नळीच्या दोन टोकांना विद्युदग्रं, मध्ये वायू किंवा धातूची वाफ. विजेच्या दाबाने इलेक्ट्रॉन धावतात, अणूंवर आदळतात, आणि धक्का बसलेला अणू पूर्ववत होताना प्रकाश बाहेर टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याचे रंग ठरलेले असतात. नळीत पारा घातला तर पाऱ्याचेच रंग मिळणार, सोडियम घातला तर सोडियमचे. आपल्या हाती उरतो तो फक्त वाफेचा दाब. दाब वाढवला की विद्युदग्रांमधल्या विजेच्या कमानीचा (आर्कचा) गाभा प्रचंड तापतो, पाऱ्याच्या दिव्यात तो साडेपाच-सहा हजार अंशांपर्यंत जातो, आणि अणू एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांच्या बारीक रंगरेषा फुगून पसरू लागतात. ‘उच्च तीव्रता’ येते ती या दाबातून. बोटाएवढ्या नळीतून हजारो ल्युमेन निघतात ते त्यामुळेच. या कमानीचा एक विचित्र स्वभावही सांगायला हवा. तिच्यातून प्रवाह जितका वाढेल तितका तिचा रोध कमी होतो. थेट वीज जोडली तर प्रवाह वाढतच जाईल आणि क्षणात दिवा फुटेल. म्हणून प्रत्येक दिव्याला प्रवाह आवरणारा चोक लागतो, आणि पारंपरिक चोक स्वतः दिव्याच्या साधारण दहा ते पंधरा टक्के वीज खातो. दिव्यावर 250 वॅट लिहिलेलं असलं तरी बिल त्याहून मोठं येतं, हे जाहिरातींतल्या आकड्यांत सहसा दिसत नव्हतं.

पारा हा या घराण्यातला थोरला. पीटर कूपर हेविट या अमेरिकन संशोधकाने 1901 मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचं पेटंट मिळवलं. तो दिवा कमी दाबाचा, लांबलचक नळीचा होता, आणि त्याच्या निळ्या-हिरव्या उजेडात माणसाची कातडी प्रेतासारखी दिसे. क्वार्ट्झच्या नळीत, जास्त दाबाचा, रस्त्यावर लावता येईल असा दिवा बाजारात यायला 1930चं दशक उजाडलं. पाऱ्याचे दृश्य रंग मोजकेच : जांभळट 405, निळा 436, हिरवा 546 आणि पिवळा 577 ते 579 नॅनोमीटर. तांबडा जवळजवळ नाहीच. दिव्यातून बाहेर पडणारी अतिनील किरणं एरवी वाया जात. मग बाहेरच्या काचेच्या फुग्याला आतून पूड लावून ती किरणं तांबड्या उजेडात बदलण्याची युक्ती निघाली. दुधी फुग्याचे मर्क्युरी दिवे ते हेच. त्यांचा रंग थोडा सुधारला, पण वॅटमागे ल्युमेन पन्नासच्या आसपासच राहिले. त्यांचा मोठा गुण म्हणून आयुष्य सांगितलं जातं : चोवीस हजार तास, म्हणजे रोज रात्रभर जळूनही पाच वर्षांहून जास्त. पण या गुणाच्या पोटात एक दोष आहे. मर्क्युरी दिवा मरत नाही, मंद होत जातो. त्याचा उजेड निम्म्यावर आला तरी वीज तेवढीच ओढतो, आणि खांबावर दिवा पेटलेला दिसतो म्हणून कोणी तक्रार करत नाही. लहान नगरपालिकांच्या रस्त्यांवर असे कितीतरी दिवे केवळ पेटतात या आधारावर वर्षानुवर्षं राहिले. टिकाऊपणा आणि उपयुक्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

सोडियमची गोष्ट अधिक रंजक आहे. कमी दाबाचा सोडियम दिवा 1932 मध्ये नेदरलँड्समधल्या बेक ते गेलेन या रस्त्यावर लागला. त्याचा बहुतेक सगळा उजेड 589 नॅनोमीटरच्या जोडरेषेतून येतो. आपल्या डोळ्याला सर्वांत उजळ वाटणाऱ्या 555 नॅनोमीटरच्या ते इतकं जवळ आहे, की हा दिवा वॅटमागे दीडशेहून जास्त ल्युमेन देतो. बदल्यात तो रंग पूर्णपणे हिरावून घेतो. त्याच्याखाली तांबडी गाडी आणि हिरवी गाडी सारख्याच करड्या. दाब वाढवला तर सोडियमची रेषा पसरून रंग येतील हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं, पण तापलेली सोडियमची वाफ क्वार्ट्झ खाऊन टाकते. अडचण होती भांड्याची. 1950च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी ॲल्युमिनापासून उजेड आरपार जाऊ देणारी सिरॅमिकची नवी जात तयार केली; ती सोडियमला दाद देत नव्हती. तिच्या नळ्या करून 1960च्या दशकाच्या मध्यावर उच्च दाबाचा सोडियम दिवा बाजारात आला. 250 वॅटचा मर्क्युरी दिवा सुमारे 13,000 ल्युमेन देतो, तेवढ्याच वॅटचा सोडियम त्याच्या दुपटीहून अधिक. तेल महाग झालेल्या 1970च्या दशकात जगभरच्या नगरपालिका पिवळ्या दिव्याकडे वळल्या तर नवल नाही. रंगांच्या बाबतीत मात्र तो अधू राहिला. वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात हे शंभरपैकी मोजणाऱ्या निर्देशांकावर त्याला वीस-पंचवीस गुण मिळतात.

मेटल हॅलाइड हा या तिघांतला मला सर्वांत बुद्धिमान वाटणारा दिवा आहे. कल्पना जुनी होती. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी 1912 मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. तिला व्यवहारात आणलं जनरल इलेक्ट्रिकच्या गिल्बर्ट रायलिंग यांनी 1960च्या दशकाच्या आरंभी, आणि 1964च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात हा दिवा लोकांनी पाहिला. पाऱ्याच्या उजेडातले हरवलेले रंग भरून काढायला दुसरे धातू नळीत घालावेत, तर स्कँडियम किंवा डिस्प्रोसियमसारख्या धातूंची नळीच्या तापमानाला पुरेशी वाफच होत नाही, आणि सोडियम नळीलाच खातो. त्यांची आयोडाइडं घातली तर दोन्ही अडचणी सुटतात. आयोडाइड सहज वाफ होऊन कमानीकडे जातं, तिथल्या भीषण उष्णतेत फुटतं, धातूचा अणू मोकळा होऊन आपला रंग देतो आणि भिंतीकडे थंडाव्यात येताच पुन्हा आयोडीनला चिकटतो. भिंतीला मोकळा धातू भेटतच नाही. हे चक्र दिवा चालू असेपर्यंत अखंड चालतं. म्हणून हॅलाइडचा उजेड पांढरा, रंग बरेचसे खरे, आणि वॅटमागे ऐंशी-शंभर ल्युमेन. चेंडू, गवत आणि खेळाडूंचे कपडे यांचे रंग दूरचित्रवाणीवर नीट दिसावेत म्हणून जगभरची मैदानं याच दिव्याने उजळली. मोल द्यावं लागलं ते आयुष्याचं आणि स्थैर्याचं. वय वाढेल तसं मिश्रणाचं प्रमाण बदलतं, एकाच ओळीतला एक दिवा गुलाबी तर शेजारचा हिरवट होतो. आणि अखेरीस नळी फुटण्याचा धोका असल्यामुळे त्याला बंदिस्त काचेत ठेवावं लागतं.

तिघांनाही लागू असलेली एक मर्यादा म्हणजे त्यांचा संथपणा. बटण दाबल्यावर आधी सुरुवातीचा वायू पेटतो, त्याच्या उष्णतेने धातूची वाफ होते आणि पूर्ण उजेड यायला चार-पाच मिनिटं जातात. वीज क्षणभर गेली तर अडचण आणखी वाढते, कारण नळीतला दाब इतका असतो की नेहमीच्या इग्नायटरचा धक्का अपुरा पडतो. नळी थंड व्हायची वाट पाहावी लागते. सोडियम मिनिटाभरात सावरतो, हॅलाइडला दहा-पंधरा मिनिटं लागतात. 3 फेब्रुवारी 2013 रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना चालू असताना वीज गेली आणि खेळ 34 मिनिटं थांबला. वीज परत आल्यावरही हॅलाइड दिवे पुन्हा पेटण्याची वाट कोट्यवधी प्रेक्षकांनी पाहिली. अशा दिव्यांना मध्यरात्री मंद करणंही अवघड. शहराने संध्याकाळी जेवढा उजेड लावला, तेवढाच पहाटेपर्यंत जळायचा.

आता हे सगळं एका जागी ठेवून पाहा. रंग, आयुष्य, सुरुवातीचा संथपणा, चोकची गरज, कार्यक्षमता यांतलं एकही लक्षण स्वतंत्र नाही. कोणता धातू, किती दाब आणि नळीची भिंत काय सोसू शकते, या तीन गोष्टींतून सगळी निघतात. अभियंत्याला एक गुण हवा असेल तर दुसरा सोडावा लागे. पिवळा रस्ता हा कोणत्याही शहराचा सौंदर्यविचार नव्हता. ती सोडियमची किंमत होती. पण त्या किमतीसोबत काही न मागितलेले लाभही आले होते, आणि ते आज आपण हिशेबात धरत नाही म्हणूनच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

पहिला लाभ आकाशाचा. हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. हे विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. साडेचारशे नॅनोमीटरचा निळा प्रकाश 590च्या पिवळ्यापेक्षा सुमारे तिप्पट विखुरतो. म्हणून तेवढेच ल्युमेन पांढरे असतील तर शहरावरचा उजेडाचा घुमट अधिक फुगतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराने जवळच्या लिक वेधशाळेसाठी कमी दाबाचे सोडियम दिवे स्वीकारले होते, कारण एका अरुंद रेषेतला प्रकाश खगोलशास्त्रज्ञाला गाळून टाकता येतो. आपल्याकडे जुन्नरजवळच्या गिरवलीला ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे, आणि नागपूरजवळचा पेंच व्याघ्रप्रकल्प 2024 मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. या दोन्ही ठिकाणांच्या भोवतालच्या गावांत आणि रस्त्यांवर कोणता दिवा लागतो, याला थेट अर्थ आहे. दुसरा लाभ जीवसृष्टीचा. पतंगांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ रात्री पांढऱ्या चादरीवर कीटक गोळा करायला मर्क्युरी दिवा वापरतात, सोडियम नव्हे. अतिनील आणि निळ्या उजेडाकडे कीटक किती ओढले जातात हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं. वेळास, आंजर्ले इथल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर पडतात ती क्षितिजाच्या उजळ बाजूकडे, म्हणजे नैसर्गिक रात्री समुद्राकडे. किनाऱ्यालगत पांढरा दिवा असेल तर ती जमिनीकडे वळतात. लांब तरंगलांबीचा, पिवळा-तांबूस उजेड त्यांना कमी भुलवतो.

एलईडीचा पांढरा उजेड बहुतेक वेळा साडेचारशे नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या स्फटिकातून येतो. त्यावरच्या पिवळ्या पुडीचं प्रमाण आणि जात बदलून थंड पांढरा, कोमट पांढरा किंवा सोनेरी, हवा तो रंग करता येतो. सोडियमला जे कधीच जमलं नसतं ते इथे कारखान्यातल्या एका निर्णयावर अवलंबून आहे. 5 जानेवारी 2015 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमाखाली देशात एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले, आणि विजेची बचत मोठी झाली, याबद्दल शंका नाही. पण त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर सोडियम उतरवून पांढरे एलईडी लावले गेले तेव्हा शहरात वाद पेटला. ‘राणीच्या हाराची’ सोनेरी शोभा गेली, असं लोक म्हणाले. पुढे तिथे पिवळसर छटेचे दिवे आले. त्या वादाकडे बऱ्याच जणांनी जुन्या आठवणींचा हळवेपणा म्हणून पाहिलं. माझ्या मते नागरिकांनी अगदी मूलभूत प्रश्न विचारला होता : रंग बदलता येत असताना तो कोणी, कोणाला विचारून ठरवला?

यावर काही आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. सर्वांत शास्त्रीय आक्षेप डोळ्याविषयीचा आहे. ल्युमेन हे एकक आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने 1924 मध्ये निश्चित केलेल्या, भरपूर उजेडात पाहणाऱ्या डोळ्याच्या संवेदनशीलतेवर उभं आहे. अंधुक उजेडात डोळ्याचा कल निळ्या-हिरव्याकडे, 507 नॅनोमीटरच्या आसपास सरकतो. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात नोंदवलेला हा बदल आज कोणी नाकारत नाही. रात्रीचा रस्ता या दोन्हींच्या मधल्या उजेडात असतो. म्हणजे ल्युमेनमीटरने सोडियमला जरा जास्तच गुण दिले आणि पांढऱ्या दिव्याला कमी. हा आक्षेप मला मान्य आहे. रस्त्याच्या कडेने अचानक येणारा माणूस कडेच्या नजरेला पांढऱ्या उजेडात लवकर दिसतो. पण रेटिनाच्या ज्या मध्यभागाने चालक समोर पाहतो तिथे अंधुक उजेडाच्या पेशी नसतात, त्यामुळे समोरच्या दृष्टीला हा फायदा मिळत नाही. आणि निळसर दिवा डोळेही जास्त दिपवतो. शिवाय हा आक्षेप शेवटी माझाच मुद्दा बळकट करतो. एका आकड्यावर विसंबून दिवा निवडता येत नाही, हेच तो सांगतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, विशेषतः स्त्रियांच्या. चेहरा ओळखता यावा, कपड्याचा रंग सांगता यावा, कॅमेऱ्यात गाडीचा रंग कळावा, यासाठी पांढरा उजेड हवा. एसटी स्थानक, बाजारपेठ, रुग्णालयाचं आवार, भुयारी मार्ग इथे तो हवाच. पंचवीस निर्देशांकाचा सोडियम तिथे लावायची आज कोणी सूचनाही करू नये. पण कोमट पांढऱ्या एलईडीचा निर्देशांक सत्तरच्या वर असतो. चेहरे ओळखायला निळसर छटा लागत नाही. आणि सुरक्षितता रंगाहून जास्त अवलंबून असते ती उजेड रस्त्यावर किती सारखा पसरला आहे यावर. एका खांबाखाली डोळे दिपवणारं वर्तुळ आणि पुढे काळोखाचा पट्टा, ही रचना पांढऱ्या दिव्याने सुरक्षित होत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. थंड पांढरा एलईडी कोमटपेक्षा अधिक कार्यक्षम असतो, मग गरीब नगरपालिकेने महाग रंग का घ्यावा? सुरुवातीच्या काळात हा फरक मोठा होता. आता तो काही टक्क्यांवर आला आहे. तेवढी वीज एलईडीच्याच दुसऱ्या गुणाने भरून काढता येते. जुन्या दिव्यांना न जमलेलं मध्यरात्रीनंतर मंद होणं याला सहज जमतं. एखाद्या निवासी गल्लीत रात्री बारानंतर उजेड निम्म्यावर आणला तर रंगापायी गेलेली वीज कितीतरी पटींनी परत मिळते. माणसाच्या झोपेवर निळ्या उजेडाचा परिणाम होतो, हा युक्तिवादही केला जातो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 2016 मध्ये रस्त्यांसाठी 3000 केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाची (आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर) शिफारस केली ती काही अंशी याच कारणाने. खिडकीतून आत येणाऱ्या मंद उजेडाने झोप किती बिघडते यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, म्हणून माझ्या युक्तिवादाचा पाया मी त्यावर ठेवत नाही. आकाश, किनारा आणि डोळ्यांचं दिपणं एवढी कारणं पुरेशी आहेत.

आणि कोणी म्हणेल, मग सोडियमच का ठेवू नयेत? ठेवू नयेत. हे दिवे मंद करणं अवघड, चोक वीज खातो, गोल फुगा उजेड आकाशातही फेकतो, आणि तिन्ही जातींत पारा आहे. बहुतेक सोडियम दिव्यांतही. मिनामाता करार 2013 मध्ये झाला, भारताने तो 2018 मध्ये मान्य केला, आणि त्यात सामान्य वापराच्या मर्क्युरी दिव्यांच्या उत्पादनासाठी 2020 ही अखेर ठरवली गेली. उतरवलेले लाखो दिवे भंगारात फोडले गेले तर त्यांतला पारा हवेत आणि मातीत जाईल. ते अखंड गोळा करून पुनर्चक्रीकरणाकडे देणं हे दिवे बदलण्याच्या कंत्राटातच लिहिलेलं असायला हवं.

या व्याख्यानाला नगरसेवक, अभियंते आणि विद्यार्थी उपस्थित आहेत, म्हणून शेवटी नेमकं मागतो. पथदिव्यांच्या पुढच्या निविदेत वॅटमागे ल्युमेनच्या जोडीला रंगतापमानाची कमाल मर्यादा, रंगनिर्देशांकाची किमान मर्यादा, आकाशाकडे जाणाऱ्या उजेडावर बंदी आणि मध्यरात्रीनंतर मंद होण्याची सोय, या चार अटी लिहा. शहराचे भाग पाडा : बाजारपेठेला कोमट पांढरा, निवासी गल्लीला त्याहून सोनेरी, किनारा, जंगलाची कड आणि वेधशाळेचा परिसर यांना अंबर रंगाचा. आणि हे ठरवण्याआधी त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना दोन रंगांचे नमुना-दिवे आठवडाभर लावून दाखवा. निविदा निघण्यापूर्वी हे केलं नाही, तर बसवलेला दिवा पुढची दहा-पंधरा वर्षं तसाच जळत राहील.